उताराचं पाणी

६ जुलै, आषाढी एकादशी, रहिमतपूर

धाकट्या भावाचा मुलगा महिनाअखेरीला केरळात कयाकच्या शर्यतीत उतरणार, ही बातमी आज घरात फुटली आणि साबुदाण्याच्या खिचडीवर चर्चासत्र भरलं. वहिनींचा मुद्दा सरळ होता : "पाण्यात पडायला एवढ्या लांब कशाला जायला पाहिजे? कृष्णा काय आटली का?" भाऊ गप्प. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला कालवा निरीक्षक. पाण्याचा विषय निघाला की शेवटचा शब्द माझा, असा घरात समज आहे.

मी वहिनींना खरं तेच सांगितलं. कृष्णा आटलेली नाही, पण तिला आपल्याकडे उतार उरलेला नाही. महाबळेश्वराहून निघते तेव्हा ती तेराशे मीटरच्या आसपास असते आणि वाईला पोचेपर्यंत त्यातली निम्मी उंची खर्चून बसते. पुढे वाई ते सांगली एवढ्या लांबच्या वाटेवर ती जेमतेम पावणेदोनशे मीटर उतरते. या पोरांना हवं असतं ते अगदी वरचं, कड्यावरून कोसळणारं पाणी. आपल्याकडे ते बहुतेक ठिकाणी धरणाच्या पोटात गेलंय.

केरळातल्या कोळिकोड जिल्ह्यात कोडंचेरी म्हणून गाव आहे. तिथे २०१३ पासून मलबार रिव्हर फेस्टिव्हल भरतो. कोविडची दोन वर्षं सोडली तर ऐन जुलै-ऑगस्टच्या पावसात देशोदेशीचे कयाकवाले तिथे उतरतात. पुरुषांत जिंकेल तो 'रॅपिड राजा', बायकांत जिंकेल ती 'रॅपिड राणी'. "राणी?" वहिनींनी विचारलं. "पोरीपण पडतात त्यात?" मी म्हटलं, पडत नाहीत, उतरतात. खिचडी संपली, पण मुद्दा संपला नाही.

१३ जुलै

सकाळी पुतण्याला घेऊन धामणेरकडे कृष्णेकाठी गेलो. चार दिवस घाटात चांगला पाऊस आहे. पाणी गढूळ, कडेच्या उसाला टेकलेलं. त्याला एक बंधारा दाखवायचा होता, कोल्हापूर पद्धतीचा. बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढून ठेवलेले, तरी पाणी खांबांच्या डोक्याला आलं होतं. वरून बघितलं तर काहीच वाटत नाही. चार फुटांची पायरी, खाली पांढरा फेस, त्यापुढे पुन्हा संथ नदी. पोरं याच ठिकाणी मोबाईल काढून उभी राहतात.

पुतण्या बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "काका, आमच्यातला कितीही मोठा पठ्ठ्या असू दे, याच्यात कुणी होडी घालणार नाही."

मी तीस वर्षं बंधारे बघतोय, मलाही हे त्याच्याइतकं नेमकं सांगता आलं नसतं. पाणी पायरीवरून खाली बुडतं, तळाशी जाऊन पुढे निघतं. पण वरचा थर मात्र उलटा, बंधाऱ्याकडेच, परत येत राहतो. त्यात सापडलेली वस्तू, मग तो ओंडका असो वा माणूस, भिंतीपाशी ओढली जाते, बुडते, थोडी पुढे निघते आणि पुन्हा मागे खेचली जाते. डोंगरातल्या नदीत कातळ वेडावाकडा असतो, त्यामुळे या भोवऱ्याला कुठेतरी कड फुटलेली असते आणि बाहेर पडायला वाट मिळते. बंधारा सरळ रेषेत बांधलेला, या काठापासून त्या काठापर्यंत एकसारखा. वाट ठेवलेलीच नाही. दोन खांबांमध्ये बाभळीचं एक झाड आडवं अडकलं होतं, फांद्यांतून पाणी गाळून निघाल्यासारखं जात होतं. तेही त्याने दाखवलं. "पाणी पलीकडं जातं, माणूस अलीकडं राहतो."

परत येताना हिशेब करत बसलो. खात्याची सवय. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. धरणातून हजार क्युसेक सोडले अशी बातमी येते तेव्हा लोक म्हणतात, किरकोळ आहे. ते किरकोळ पाणी दर सेकंदाला २८ टन भरतं.

१९ जुलै

पोरगा शिकला कोलाडला, कुंडलिकेवर. पोहायला शिकला मात्र आमच्याच मळ्यातल्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. कोलाडला राफ्टिंगचा गाईड म्हणून लागला आणि हळूहळू मोठ्या रबरी तराफ्यावरून एकट्याच्या प्लॅस्टिकच्या होडीत आला.

कुंडलिकेची गंमत कुणी फारशी सांगत नाही. त्या नदीत सकाळी जे पाणी खळाळतं ते तिचं स्वतःचं नाहीच. मुळशी धरणातलं, म्हणजे देशावर मुळेतून पूर्वेला जायचं पाणी, टाटांनी सह्याद्रीच्या पलीकडे वळवलं आणि १९२७ पासून भिऱ्याच्या वीजघरातून ते कोकणात उतरतं. ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह उभा केला तेच हे. वीज तयार झाली की खाली नदीला पाणी येतं आणि मग पुण्या-मुंबईची मंडळी जॅकेट घालून बसतात. ऐन मे महिन्यातही. मुळशीच्या ज्या शेतकऱ्यांची भातशेती बुडाली, त्यांच्या नावाची एक पाटी तरी राफ्टिंगच्या धक्क्यावर असायला हरकत नव्हती. असो.

आपल्याच गावात हत्तीच्या मोटेचा मनोरा उभा आहे, पन्नासेक फूट उंच. मशिदीतल्या कारंज्याला पाणी मिळावं म्हणून आदिलशाहीत हत्ती लावून ते वर चढवायचे. रहिमतपूरकरांची अक्कल पाणी वर चढवण्यात गेली, हा पोरगा खाली उतरवण्याच्या मागे.

२४ जुलै, पुलिक्कयम (कोडंचेरी)

मिरजेवरून मडगाव, मडगावहून कोळिकोड, तिथून जीप. पावसाने एकदाही उसंत दिली नाही. गाव म्हणजे रबराच्या बागा, सुपारी, आणि मधून चालिप्पुळा नदी. पुळा म्हणजे नदीच. काठावर छत्र्याच छत्र्या. म्हाताऱ्या बायका, शाळेची पोरं, पोलीस, चहावाले. आपल्या जत्रेत कुस्त्यांच्या फडाला असते तशी दर्दी गर्दी आहे. कुणी नीट उतरला की टाळी, उलटला की "हो ऽ".

नदी इतकी उतावीळ का, ते नकाशा बघितल्यावर कळलं. मागच्या वेल्लरिमलाच्या रांगेतलं वावुलमला शिखर २,३३९ मीटर उंच. आपलं कळसूबाई १,६४६. आणि समुद्र इथून हाकेच्या अंतरावर. एवढी उंची एवढ्याशा वाटेत उतरायची तर नदीला चालत जाऊन भागत नाही.

आज चौघाचौघांची शर्यत होती. उंच फळीवरून चार होड्या एकदमच पाण्यात आदळतात आणि तिथूनच रेटारेटी. धक्का मारायला मुभा आहे. हाच प्रकार २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला. पुरुषांत न्यूझीलंडचा फिन बुचर जिंकला, बायकांत ऑस्ट्रेलियाची नोएमी फॉक्स. तिची थोरली बहीण जेसिका त्याच ऑलिंपिकमध्ये आधीच दोन सुवर्णं घेऊन बसली होती. पण ऑलिंपिकचं पाणी पंपाने फिरवलेलं, काँक्रीटच्या पाटातलं. इथे पाऊस देईल ते. पाणी घटलं तर कातळ उघडे पडून होड्या घासतात, फार वाढलं तर शर्यत पुढे ढकलावी लागते. रोज पहाटे आयोजकांची माणसं खडकावरची खूण बघून ठरवतात. माझ्या नोकरीतलं हे एकच काम मला इथे ओळखीचं वाटलं.

२५ जुलै

पुतण्याची पाळी. नवशिक्यांच्या वरचा आणि दिग्गजांच्या खालचा गट. मी दुसऱ्या उतरणीजवळ, दोर घेऊन उभ्या असलेल्या मुलीच्या मागे जागा धरली.

होडी जेमतेम अडीच मीटर लांब, जाड प्लॅस्टिकची, नाक वर उचललेलं. कमरेभोवती रबरी घेर असा घट्ट बसवतात की पाणी आत जात नाही, माणूसही सहज बाहेर येत नाही. उतरणीच्या ओठावर शेवटचा एक फटका वल्ह्याने मारायचा, गुडघे वर ओढायचे, की होडी नाकावर न पडता सपाट पडते आणि खालच्या भोवऱ्याच्या पलीकडे जाते. तो फटका एक क्षण लवकर किंवा उशिरा पडला की खेळ बदलतो.

त्याचा उशिरा पडला. नाक बुडलं, होडी उलटली. तळ वर, माणूस खाली. पाण्याखालून वल्हं फिरलं, होडी अर्धी वळली, पुन्हा पालथी. दुसऱ्यांदा तसंच. हे उलटून सरळ होणं हाताच्या जोराने होत नाही, कमरेचा झटका लागतो, हे त्याने मला शंभरदा सांगितलंय. तिसऱ्यांदा त्याने प्रयत्न सोडला, पुढची पट्टी ओढून बाहेर निघाला.

पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर तीन हातांवर घडलं. माझ्या पुढच्या मुलीने शिट्टी मारली, त्याच्या नावाने नव्हे, "रोप!" म्हणून ओरडली, आणि तांबडी पिशवी खालून वर, विटीदांडूत झेल द्यावा तशी, भिरकावली. दोराचं एक टोक तिच्या हातात, बाकीचा दोर पिशवीतून सुटत गेला आणि त्याच्या खांद्यावर आडवा पडला. त्याने पिशवी नाही, दोर धरला. मनगटाला गुंडाळला नाही, छातीशी धरला, पाठीवर वळला, पाय वर. ती खाली बसली, मागच्याने तिच्या जॅकेटला धरलं. प्रवाहानेच त्याला कमानीत फिरवत काठाला आणून लावलं. ओढावं लागलंच नाही. तोवर खाली थांबलेल्या दोन होड्यांनी त्याची होडी आणि वल्हं गोळा केलं होतं.

मुलीने दोर पुन्हा पिशवीत भरायला घेतला आणि वर नजर ठेवली, कारण पुढचा स्पर्धक निघाला होता.

रात्री फोनवर वहिनींनी विचारलं, "कितवा आला?" मी म्हटलं, बाद झाला, पण काठाला लागला.

२७ जुलै, एलंतुकडव

अंतिम शर्यत इरुवंजिप्पुळेवर. ही मोठी नदी, चालिप्पुळा हिलाच मिळते आणि दोघी मिळून पुढे चालियारला. काळे कातळ, हिरवं-पांढरं पाणी, आणि वरून खालपर्यंत प्रत्येक वळणावर कुणीतरी पिशवी घेऊन उभा. मी स्पर्धक मोजायचं सोडून यांनाच बघत बसलो. मला तर हीच खरी स्पर्धा वाटली. 'थरार', 'मृत्यूशी झुंज' असले मथळे लिहिणाऱ्यांनी एक दिवस या दोरवाल्यांच्या मागे उभं राहावं. झुंजबिंज काही नाही. अर्धा तास काठावरून पाणी वाचायचं, कुठे पडलो तर कुठे निघणार ते ठरवायचं, खाली माणूस उभा करायचा, आणि तरी पटलं नाही तर होडी खांद्यावर टाकून चालत जायचं. इथे काल एक नामांकित खेळाडू चालत गेला. कुणी हसलं नाही.

चहाच्या टपरीवर गेल्या साली काय झालं ते निघालंच. २०२४ ची स्पर्धा आटोपली आणि दोनच दिवसांनी, ३० जुलैच्या पहाटे, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला वायनाडात मुंडक्कै आणि चूरलमला दरडीखाली गेली. प्रेतं चालियारमधून कित्येक किलोमीटर वाहत खाली आली. मी त्यांना आमच्या पाटण तालुक्याचं सांगितलं. जुलै २०२१, आंबेघर, मिरगाव, ढोकावळे. भाषा येत नव्हती, पण गावांची नावं आणि हातवारे पुरले.

२ ऑगस्ट, रहिमतपूर

पुतण्या दोन दिवस घरी आहे. दुपारी मळ्यातल्या विहिरीवर गल्लीतली पोरं जमवली. त्याने पिशवी फेकून दाखवली. पहिली फेक प्रत्येकाची चुकते, हे बघून बरं वाटलं. कुणी डोक्यावरून फेकतो, कुणी टोक धरायचंच विसरतो आणि पिशवी दोरासकट विहिरीत.

मग त्याने जे सांगितलं ते लिहून ठेवतो. वाहत्या पाण्यात पडलं तर उभं राहायला जायचं नाही. पाणी कमरेएवढं असलं तरी नाही. पाय दगडात अडकला की मागचं पाणी माणसाला पालथं पाडतं आणि मग कंबरभर पाणीही पुरतं. पाठीवर व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने आणि वर, आणि तिरकं काठाकडे सरकायचं. बुडणाऱ्यामागे उडी मारायची नाही. आधी हाक, मग काठी, मग दोर. आपल्याकडे क्रम नेमका उलटा. आधी उडी, मग दुसऱ्याची उडी, मग गावभर हाक.

एका पोराने विचारलं, "पट्टीचा पोहणारा असला तर?" पुतण्या म्हणाला, "बंधाऱ्याखाली पट्टी चालत नाही."

८ ऑगस्ट

२०१९ च्या महापुरात आजच्याच तारखेला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला, येरळा-कृष्णेच्या संगमाशी, पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. बोटीत माणसं जास्त, अंगावर जॅकेट नाही. बुडाले ते धाडस करायला गेलेले नव्हते, जीव वाचवायला निघालेले होते. तेव्हा सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. पट्टी वाचणारे आम्ही होतो. दोर टाकणारं कुणी नव्हतं.

सांगलीवाडी, डिग्रज, कवठेपिरान या गावांत होड्यांच्या शर्यतींची हौस जुनी आहे. काठाला गर्दी मावत नाही. वल्ही मारणाऱ्या पोरांच्या दंडात जोर आहे, नदीची ओळख आहे. कमी आहे ती काठावर उभं राहणाऱ्यांची.

म्हणून कृष्णा, कोयना, वारणा, येरळा यांच्या काठच्या ग्रामपंचायतींना आणि होडी मंडळांना हात जोडून एवढंच : बंधाऱ्याजवळ आणि घाटावर दोराची एकेक पिशवी आणि चार जॅकेट टांगून ठेवा. पिशवी गावातला शिंपी शिवून देईल. दोर मात्र पॉलिप्रॉपिलीनचाच घ्या, तो तरंगतो, नायलॉनचा बुडतो. लांबी वीस मीटर पुरे. आणि पावसाळ्याआधी बरगे काढायला माणसं जमतील, त्याच दिवशी गावातल्या पोरा-पोरींना तासभर पिशवी फेकायला लावा.

रहिमतपूरला कुणाला शिकायचं असेल तर आमच्या विहिरीवर या. दर रविवारी दुपारी चारला आम्ही तिथे असतो.