पडद्यांची माळ

डेझी हें फूल आम्हांला प्रथम भेटलें तें इंग्रजी कवितेंत, आणि आमच्यापुरतें तें अजूनहि बहुतांशीं तेथेंच राहिलें आहे. आरमोरीच्या आसपास मोह आहे, पळस आहे, बोडींत उमलणारें कमळ आहे. विलायतच्या कुरणांतलें हें इवलेंसें पांढरें फूल मात्र वर्गांत शब्दांनींच दाखवावें लागतें. तें दाखवितांना त्याच्या माळेची कृति आम्ही मुलांना आवर्जून सांगतों. तिकडचीं पोरें ही माळ दोऱ्याशिवाय करतात. एका फुलाच्या देंठाला नखानें चीर पाडावयाची, तींतून दुसऱ्या फुलाचा देंठ ओढून घ्यावयाचा, त्या देंठाला पुनः चीर, तींत तिसऱ्याचा देंठ. आपल्या हाराचीं फुलें एका समाईक दोऱ्यावर विसंबून असतात. मधलें एखादें गळलें तरी हार गळ्यांत राहतो. डेझीच्या माळेंत प्रत्येक फूलच पुढच्याचा दोरा होतें. मधलें एक तुटलें कीं माळेचे दोन तुकडे.

यंत्रविद्येनें हें नांव उचललें तें याच गुणामुळें. एका यंत्राला दुसरें व दुसऱ्याला तिसरें अशा जोडणीस 'डेझी चेन' म्हणतात. अशी एक माळ सध्यां आमच्या टेबलावर आहे; तींत फुलांच्या जागीं संगणकाचे पडदे, म्हणजे मॉनिटर, आहेत. एका प्राध्यापकास एक पडदा पुरूं नये काय, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. तो आमच्या घरांतहि आला होता. म्हणून आधीं कामाचें स्वरूप सांगतों.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील धानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात, आणि तेथील मराठीला झाडीबोली. हिच्यांत 'ण' नाहीं आणि 'ळ' नाहीं. पाण्याचें 'पानी' होतें आणि डोळ्याचा 'डोरा'. घरांत आणि बांधावर ती मोकळेपणानें नांदते. शाळेंत आणि कचेरींत मात्र अंग चोरून वावरते. आमचे विद्यार्थी व विद्यार्थिनी आपापल्या घरच्या वडीलधाऱ्यांचें बोलणें मोबाइलवर मुद्रित करून आणतात, आणि त्यांतले शब्द आम्ही संध्याकाळीं एका तक्त्यांत उतरवून घेतों. या कामाला तीन गोष्टी एकाच वेळीं डोळ्यांसमोर असाव्या लागतात: आवाजाची पट्टी, शब्दांचा तक्ता, आणि जुने कोश. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ति आणि दाते-कर्वे यांचा १९३२ पासून निघूं लागलेला 'महाराष्ट्र शब्दकोश' हे दोन्ही आतां संगणकावर उघडतां येतात. पण एकाच पडद्यावर हीं तिन्ही नांदेनात. शब्द ऐकावा, तक्ता झांकून कोश काढावा, कोश झांकून तक्ता काढावा. तोंवर आजीबाईंचा उच्चार कानांतून निसटलेला असे. बोलीच्या कामांत उच्चार निसटला म्हणजे शब्दच निसटला.

आमच्या लॅपटॉपला बाहेर चित्र पाठविणारें पोर्ट एकच आहे. एका पोर्टावर दोन पडदे चालवावयाचे तर दोन वाटा असतात. पहिली हाराची: मध्यें एक डबी ठेवावी आणि प्रत्येक पडद्याची केबल तिला वेगळी जोडावी. दुसरी डेझीची: लॅपटॉपची केबल पहिल्या पडद्यांत आणि पहिल्या पडद्यांतून दुसरी केबल दुसऱ्या पडद्यांत. ही दुसरी वाट डिस्प्लेपोर्ट नांवाच्या जोडणीच्या १.२ या आवृत्तीनें मोकळी केली. ती आवृत्ति २०१० सालीं आली. तिच्यांत एकाच तारेंतून अनेक स्वतंत्र चित्रें एकामागून एक गुंफून पाठविण्याची सोय आहे. पहिला पडदा त्या गुंफणींतून आपलें चित्र काढून घेतो व उरलेली गुंफण पुढें सोडतो. या सोयीला तंत्रज्ञ थोडक्यांत 'एमएसटी' म्हणतात. एचडीएमआयच्या केबलीनें ही माळ होत नाहीं. यूएसबी-सीच्या पोर्टानें होते, पण त्या जातीच्या सर्वच पोर्टांतून चित्र येत नाहीं, म्हणून लॅपटॉपची माहितीपुस्तिका आधीं पाहावी. मॅक घेणाऱ्यांनीं हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, त्यांच्याकडे या पद्धतीनें जोडलेल्या दोन्ही पडद्यांवर एकच चित्र उमटतें. दोन वेगळीं चित्रें हवीं असल्यास थंडरबोल्टची माळ करावी लागते.

एका तारेंत किती चित्रें मावतील यालाहि हिशेब आहे. १.२ आवृत्तीच्या तारेंतून सेकंदाला १७.२८ गिगाबिट इतका उपयोगी मजकूर वाहतो. १९२० गुणिलें १०८० ठिपक्यांच्या साध्या पडद्याला, सेकंदाला साठ चित्रांच्या गतीनें, सुमारें सव्वातीन गिगाबिट लागतात. २५६० गुणिलें १४४० च्या पडद्याला पावणेसहा. आणि 'फोर-के' म्हणविणाऱ्या पडद्याला पावणेतेरा. म्हणजे साधे पडदे चार सहज चालतील, मधल्या मापाचे दोन, आणि फोर-के एकच. २०१४ सालीं आलेल्या १.३ आवृत्तीनें हा प्रवाह दीडपट केला.

हा हिशेब आमच्या भागांतल्या माणसाला नवा वाटूं नये. येथील जुने तलाव असेच एकाखालीं एक बांधलेले आढळतात. त्यांतले बरेच कोहळी समाजाच्या लोकांनीं बांधले; मालगुजारी १९५१ सालीं गेली, तलाव 'माजी मालगुजारी' म्हणून राहिले, आणि लोकांनीं त्या नांवांतलीं दोन अक्षरें उचलून त्यांना 'मामा तलाव' करून टाकलें. वरचा तलाव भरला कीं त्याच्या सांडव्याचें पाणी खालच्या तलावांत, खालच्याचें त्याच्या खालच्या बोडींत. पडद्यांची माळ समजावून सांगतांना आम्ही हाच दाखला देतों. मात्र दोहोंत एक भेद आहे. तलावांच्या रांगेंत दुष्काळ पडला तर शेवटच्याला उरलेंसुरलें मिळतें. संगणक प्रत्येकाचा वांटा उगमाशींच ठरवितो. शेवटच्याचें चित्र मावत असेल तर तें पहिल्याइतकेंच स्वच्छ उमटतें, मावत नसेल तर तो पडदा उजळतच नाहीं.

सांडव्यावांचून रांग होत नाहीं, हें मात्र दोन्हीकडे सारखेंच. माळेंतल्या शेवटच्या पडद्याला फक्त आंत येणारें दार असलें तरी चालतें. मधल्याला दोन दारें हवींत: एक घेण्याचें, एक देण्याचें. बाजारांतल्या बहुतेक पडद्यांना दुसरें दार नसतें. असा पडदा स्वतः कितीहि तेजस्वी असो, मध्यें ठेवल्यास त्याच्या पुढें अंधारच. आणखी एक गंमत आहे. कांहीं पडद्यांना दार असतें, पण त्यांच्या स्वतःच्या यादींत तें बंद करून ठेवलेलें असतें. पडद्याच्या कडेचीं बटणें दाबून तें उघडावें लागतें. केबल नवी, पोर्ट शाबूत, दिवा पेटलेला, आणि तरी पुढचा पडदा काळा, असें झाल्यास बहुधा कारण हेंच असतें. तसेंच, मधल्या पडद्याची वीज बंद केली म्हणजे पुढच्यालाहि सहसा चित्र मिळत नाहीं, मग त्याची स्वतःची वीज चालू कां असेना.

या मधल्या पडद्याचा विचार आमच्या मनांतून जाईना, त्याला कारण झालें एक ध्वनिमुद्रण. पदवीच्या दुसऱ्या वर्षांतल्या एका मुलीनें आपल्या आईच्या आईचें बोलणें मुद्रित करून आणलें होतें. म्हातारी रंगांत येऊन धानाचें सांगत होती. बांधी कशी चिखलावी, धुरा कसा घालावा, पऱ्हा कधीं टाकावा, रोवन्याच्या वेळीं बाया काय गातात. एका पडद्यावर तिच्या आवाजाची रेघ उंचसखल होत चालली होती, दुसऱ्यावर आम्ही शब्द लिहीत होतों, तिसऱ्यावर कोश उघडा होता. बोलतां बोलतां ती "डोरा" म्हणाली. लगेच बाजूनें मुलीच्या आईचा आवाज आला, "माय, डोरा नाही, डोळा म्हण. रेकॉर्ड होऊन राहिलं." त्यानंतर पडद्यावरची रेघ सपाट झाली. म्हातारी बराच वेळ बोललीच नाहीं. पुढें जें बोलली तें तुटक तुटक, पाहुण्यांसमोर बोलावें तसें. आणि पुढच्या मुद्रणांत उतरवून घेण्याजोगें फारसें कांहीं सांपडलें नाहीं.

त्या बाईंना दोष देण्याचें धैर्य आम्हांला होत नाहीं. 'डोरा' म्हटलें म्हणजे वर्गांत हंशा पिकतो, हें झाडीपट्टींतल्या शिकलेल्या पिढीला पुरतें ठाऊक आहे. आपल्या आईला कोणीं हंसूं नये म्हणूनच तिनें आईला सुधारलें; त्या सुधारण्यांत मायाच होती. आईचा एकूण एक शब्द तिला समजतो. सारें चित्र तिच्यापर्यंत आलेलें आहे, तसूभरहि कमी नाहीं. पण तें पुढें जाण्याचें दार कोणीतरी कधींतरी बंद केलें, आणि तिच्यापुढें बसलेल्या तरुण मुलीच्या पडद्यावर त्या बोलींतलें कांहींच उमटत नाहीं. मुलगी हुशार आहे, मन लावून ऐकते. 'धुरा' आणि 'पऱ्हा' यांचे अर्थ मात्र तिला आम्हांला विचारावे लागले, आणि आम्हांला तिच्या आजीला.

बोली मरते ती म्हाताऱ्या माणसांबरोबर, असें सर्वत्र म्हटलें जातें. आम्हांला तें अर्धेंच खरें वाटतें. म्हातारीं माणसें जाणारच. तीं प्रत्येक पिढींत गेलीं आणि तरी बोली टिकल्या. बोलीचा निकाल लागतो तो मधल्या पिढीपाशीं, घेण्याचें दार उघडें आणि देण्याचें बंद असलें म्हणजे. आमचा तक्ता, आमचे तीन पडदे, मुद्रणांच्या चकत्या यांनीं शब्दांची नोंद राहील, तेवढ्यासाठींच तर हा खटाटोप. पण नोंदींतून कोणी बोलावयास शिकत नाहीं. लेंकरूं बोलावयास शिकतें तें आईजवळ.

तथापि दार नसणें आणि दार बंद असणें यांत फरक आहे, आणि तो फरक पडद्यांइतकाच माणसांनाहि लागू पडतो. आम्हीं त्या मुलीला सुचविलें कीं, आतां आजीला विश्रांति दे आणि आईलाच बसव. मोबाइल पुढें न धरतां बाजूला ठेवून, आईची परवानगी घेऊन, धानाच्या कामाचें विचार. पंधरा दिवसांनीं तिनें जें आणलें त्याचा आरंभ शाळेंतल्या निबंधासारखा होता. चारपांच मिनिटांनीं रोवन्याची गोष्ट निघाली, आई हंसली, आणि मग 'ण' आणि 'ळ' कोठें गेले तें तिचें तिलाच कळलें नाहीं. त्या एका मुद्रणानें आमच्या तक्त्याचीं दोन पानें भरलीं. मागून आजीचा आवाज आला, तो एक शब्द दुरुस्त करण्यासाठीं. या खेपेस दुरुस्ती उलट्या दिशेनें होती.

एवढ्यावरून झाडीबोली वांचली असें आम्ही म्हणणार नाहीं. एका घरांतलें एक दार एका संध्याकाळपुरतें उघडलें, इतकेंच. पडदे मांडतांना शेवटचा पडदा कोणता तें आपणांस आधींच ठाऊक असतें, म्हणून तेथें देण्याचें दार नसलेला स्वस्तांतला पडदा ठेवला तरी कांहीं बिघडत नाहीं. माणसांच्या रांगेंत हें आधीं सांगतां येत नाहीं. ती मुलगी आपल्याला शेवटची समजून बसली तर ती शेवटचीच ठरेल. म्हणून शब्द उतरवून झाले कीं त्यांतले चारदोन तिच्या तोंडून मोठ्यानें म्हणवून घ्यावयाचे, असा परिपाठ आम्हीं अलीकडे ठेवला आहे. 'डोरा' म्हणतांना ती अजून थोडी लाजते.