वासाचा पहारेकरी

तांब्याचा बंब माळ्यावर गेला आणि आमच्या घरात गॅसचा गीझर आला. थंडीत कारंज्याला कढत पाण्यावाचून आंघोळ म्हणजे शिक्षाच! सिलिंडरपासून नळी कोठून न्यावी यावर घरात परिषद भरली. "न्हाणीघरात लावा आणि वरचा झरोका बुजवा, वारा लागतो," आईचा हुकूम. मिस्त्री मात्र हटून बसला, "आजी, झरोका बुजवाचा नाई!"

त्याचे म्हणणे खरे होते. आमच्या गावी कस्तुरीच्या हवेलीची आख्यायिका सांगतात. तिच्या चुन्यात म्हणे कस्तुरी कालवली होती. सिलिंडरच्या गॅसचा वासही असाच मुद्दाम कालवलेला. मूळ गॅसला वास जवळजवळ नसतोच. गळती झाली की नाकाला वर्दी मिळते. पण कोंडलेल्या खोलीत ज्योतीला प्राणवायू अपुरा पडला, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातली प्राणवायूची जागाच तो बळकावतो. तिथे नाकाचा पहारा व्यर्थ!

अखेर गीझर बाहेर, ओसरीच्या भिंतीवर लागला. आत येते ते फक्त पाणी. झरोकाही उघडाच आहे. आई म्हणते, "बंबाचा धूर निदान डोळ्यांना कळायचा." यावर मला उत्तर सुचलेले नाही.