आईच्या तिखटाचा दोष नव्हता

आमच्या अण्णांच्या पोटावर बेंबीपर्यंत उभा व्रण होता. १९८६ साली अल्सरचं ऑपरेशन झालं, त्यात शेत गहाण पडलं. घरात सगळे आईच्या तिखट कालवणाला बोल लावायचे.

मित्रांनो, त्याआधी दोनच वर्षं ऑस्ट्रेलियात डॉ. बॅरी मार्शल यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली होती. २००५ ला त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. आज बहुतेक अल्सर औषधांनीच बरे होतात.

आई मात्र शेवटपर्यंत स्वतःलाच दोष देत गेली. मी पत्रकार असून ही बातमी घरी सांगितली नाही. म्हणून आज लिहितोय. रोज मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी घेताय? डॉक्टरांना दाखवा, जंतूची तपासणी करायची का ते विचारा.