बाबासाहेबांची भिंत कोणती?

घर आणि दुकान आतून कसे मांडावे, हा आपल्या चळवळीचा विषय नाही असे अनेक कार्यकर्त्यांना वाटते. ज्यांच्या आजी-आजोबांचे आयुष्य गावकुसाबाहेरच्या झोपडीत गेले, त्यांनी इंटिरिअरची चर्चा कशाला करायची? मला उलट वाटते. कोणी कुठे राहायचे, कुठे बसायचे, कुठून पाणी प्यायचे हे ठरवूनच जातिव्यवस्था टिकली. म्हणून स्वतःची जागा हाती आली की ती कशी मांडायची, हा प्रश्न राजकीयच असतो.

निमित्त घडले नागपूरच्या एका मैत्रिणीचे. दहा वर्षे भाड्याच्या खोलीतून डबे पुरवल्यावर तिने कर्ज काढून १५ बाय ४० फुटांच्या प्लॉटवर बांधकाम केले. खाली मेस, वर घर. एका इंटिरिअर डिझायनरने तिला रंगीत आराखडा करून दिला. वस्तीतल्या बालवाडीचे, अभ्यासिकेचे कच्चे नकाशे मी काढते, हे माहीत असल्याने तो घेऊन ती माझ्याकडे आली.

आराखड्यात वर ईशान्य कोपऱ्यात देवघर होते. ते हवे का, असे तिला कोणी विचारलेच नव्हते. खाली गल्ल्यामागे सोनेरी बुद्धमुख आणि शेजारी कारंजे, 'शांत फील' येण्यासाठी. बाबासाहेबांचा फोटो मात्र वरच्या बेडरूममध्ये. कारण सांगितले गेले, "सगळ्या प्रकारचे कस्टमर येतात, खाली न्यूट्रल ठेवू."

हे न्यूट्रल म्हणजे नेमके काय? शहरातल्या कितीतरी हॉटेलांत गल्ल्यावर गणपती आणि लक्ष्मी असते, उंबऱ्यावर 'शुभ-लाभ' असते. तिथेही सगळ्या प्रकारचे ग्राहक येतात. त्या मालकांना कोणी देव बेडरूममध्ये हलवायला सांगत नाही. एकाची खूण ती संस्कृती, आणि आपली खूण ती जात! बुद्धही चालतो, पण शोभेचा. प्रश्न विचारणारा, जन्मावरून श्रेष्ठत्व नाकारणारा बुद्ध नको; डोळे मिटलेले मुखवट्यासारखे डोके हवे. बाबासाहेबांचे असे शोपीस करता येत नाही, म्हणून त्यांना वरच्या मजल्यावर पाठवले जाते.

आता ईशान्य कोपऱ्याकडे पाहू. वास्तुशास्त्र हे फक्त ऊन-वाऱ्याचे शास्त्र असल्याचे आपल्याला सांगितले जाते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त ब्राह्मणाच्या मोठ्यात मोठ्या घराची रुंदी ३२ हात सांगितली आहे. पुढच्या प्रत्येक वर्णाला चार-चार हात कमी, आणि शूद्रांच्याही खाली ढकललेल्यांना त्याहून कमी. कोणत्या वर्णाला कोणत्या रंगाची माती योग्य, हेही त्यात आहे. उन्हाला आणि वाऱ्याला जात नसते. हे मोजमाप जातीचे आहे. ज्या परंपरेने आपल्या घराची रुंदी जन्मावरून ठरवली, तिला विचारून आपण चूल कुठे मांडायची?

तरीही मैत्रिणीची भीती खोटी नव्हती. ती म्हणाली, "मी माणसाले नाही घाबरत, हप्त्याले घाबरते." तिला भित्री म्हणणे सोपे आहे, तिचा हप्ता आपण भरणार नसतो. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन याने १९५९ च्या पुस्तकात माणसाच्या वागण्याचे रंगमंचासारखे दोन भाग सांगितले, प्रेक्षकांसमोरचा आणि पडद्यामागचा. उदाहरणही शेटलंड बेटांवरच्या एका हॉटेलचे, तिथल्या जेवणघराचे आणि स्वयंपाकघराचे. आपल्याकडे त्यात जातीची भर पडते. स्वयंपाक कोणाच्या हातचा, हे कळल्यावर ताट सरकवणारे आजही आहेत. म्हणून कित्येकजण आडनाव, फोटो आणि स्वतःलाही पडद्यामागे ठेवून धंदा करतात.

मी तिला वहीत वेगळा आराखडा काढून दिला. मेसचे स्वयंपाकघर समोर, मध्ये फक्त काच. स्वच्छता दिसेल आणि रांधणारी बाईही दिसेल. पाणी एकाच ठिकाणी, सगळ्यांना सारखेच स्टीलचे ग्लास, ज्याने त्याने घ्यावे. कारंजाच्या जागी पुस्तकांचा रॅक, कारण जेवायला येणारी बहुतेक मुले स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी आहेत. गल्ल्यामागे वाचत बसलेले बाबासाहेब. वर ओटा तिच्या उंचीप्रमाणे. देवघराच्या आणि टीव्ही युनिटच्या जागेत खिडकीजवळ मुलीचे अभ्यासाचे टेबल.

ही कल्पना माझी नाही. १९३० च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी 'राजगृह' उभारले ते ग्रंथसंग्रहासाठी. पुस्तकांना केंद्रस्थानी ठेवून घर बांधण्याचा आदर्श आपल्याजवळ असताना आपण कॅटलॉगातल्या शोकेसकडे का पाहावे?

मेसमुळे जात संपेल असा माझा भ्रम नाही. केवळ सहभोजनाने जात मोडत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये सांगितले आहे. पण आपली ओळख लपवून कमावलेल्या प्रत्येक रुपयासोबत ती लाजिरवाणी आहे, हे आपणच मान्य करत जातो. मैत्रिणीने दोन रात्री हिशेब केला. फोटो गल्ल्यामागेच लागला, आणि कारंजाचे पैसे रॅकला गेले. निर्णय तिचा होता, तिचाच असायला हवा होता.

आर्किटेक्चर आणि इंटिरिअर शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींना एवढेच सांगणे आहे: आपल्या माणसाचे घर आखताना देवघर कुठे, हे गृहीत धरू नका. पुस्तके कुठे राहतील, मुलगी कुठे अभ्यास करेल, बाई कुठे निवांत बसेल, हे आधी विचारा. आणि कोणी न्यूट्रल म्हणाले, तर ते कोणासाठी न्यूट्रल, हेही विचारा.

जय भीम!