काजूच्या बदल्यात तांदूळ

सिंधुदुर्गातल्या काजू कारखान्यांत जूनच्या सुमारास गावठी बी संपत येते आणि गोदामात आफ्रिकेतल्या मालाची पोती लागायला सुरुवात होते. कोकणातला हंगाम फेब्रुवारी ते मे, कारखाना मात्र बारा महिने चालायला हवा. देशभरात हीच गत आहे. भारतात जितकी बी पिकते त्याहून पुष्कळ अधिक फोडण्याची ताकद आपल्या कारखान्यांत आहे, म्हणून आयव्हरी कोस्ट, घाना इथून बी आणावी लागते. या सगळ्यांत एका मालाला व्यापारी दोन पैसे जास्त मोजतात. पोतं उघडण्याआधीच कुणीतरी सांगतं, ‘बिसाऊची आहे.’

ही बी ज्या देशातून येते त्याचं पूर्ण नाव गिनी-बिसाऊ. सेनेगलच्या खाली, अटलांटिकच्या काठावर, ३६,१२५ चौरस किलोमीटरचा तुकडा. महाराष्ट्राचा आठवा हिस्साही भरत नाही. लोकसंख्या वीस लाखांच्या थोडी वर. आणि देशाच्या निर्यातीतला ९० टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या काजू बीचा. तीही न फोडलेली.

कच्च्या बीची प्रत तपासणं हे माझं काम. हंगामात बिसाऊ शहरात आणि मग आतल्या गावांत फिरायचं, गोदामातल्या पोत्यांतून नमुने काढायचे, ‘घ्या’ किंवा ‘नको’ सांगायचं. बरोबर मडगावचे एक वयस्क दलाल असतात. पोर्तुगीज अमदानीत शाळा शिकलेले, त्यामुळे सरकारी कचेरीत त्यांची भाषा चालते. बाजारात चालत नाही, कारण तिथं सगळे क्रिओल बोलतात. बाजारात आम्ही दोघंही सारखेच अडाणी.

विमान उतरताना खाली जमीन आहे की पाणी हे पटकन कळत नाही. जेबा, कोरुबाल, मान्सोआ, काशेऊ या नद्या समुद्राला मिळतात असं म्हणण्यापेक्षा समुद्रच त्यांच्या पात्रांतून कित्येक कोस आत शिरतो. उधाणाच्या भरतीला बिसाऊच्या धक्क्यावर पाणी पाच मीटरांहून जास्त चढतं. ओहोटीला होड्या चिखलात कलंडलेल्या असतात. किनाऱ्यालगत बिजागोस द्वीपसमूहाची ८८ च्या आसपास बेटं आहेत. तिथल्या पोइलाँवर हिरवी समुद्री कासवं अंडी घालायला येतात, ओरांगोवर खाऱ्या पाण्याला सरावलेले पाणघोडे राहतात. २०२५ मध्ये युनेस्कोनं या बेटांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. आमच्या धंद्यातल्या माणसाला तिकडे जायला सवड नसते. काजू मुख्य भूमीवर, आणि हंगाम एप्रिल ते जून एवढाच.

शहराबाहेर पडलं की बाफाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काजूच काजू. आपल्याकडच्या बागेसारखी ओळीत लावलेली, छाटलेली झाडं नव्हेत. दाट, एकमेकांत घुसलेली, खाली अंधार करणारी. सावलीत दुसरं काही उगवत नाही. झाड पोर्तुगिजांनीच ब्राझीलहून आणलं, जसं गोव्यात आणलं तसंच. पण गोव्यात ते चारशे वर्षांत हळूहळू रुजलं, इथं मात्र बहुतेक लागवड गेल्या चाळीसेक वर्षांतली. त्यामागे साधा हिशेब होता. ज्यानं झाड लावलं त्याची जमीन, हे गावात सगळे मानतात. कागद नसला तरी काजू हाच सातबारा. म्हणून पुरुषांनी मिळेल त्या पडीवर काजू लावला. वेचायचं काम आलं बायकांच्या आणि पोरांच्या वाट्याला.

वेचणाऱ्यांना पुष्कळदा रोख मजुरी मिळत नाही. बीचा ठरलेला वाटा मिळतो, आणि बोंडू त्यांचेच. बोंडू पिळून रस काढतात, तो आंबवून दारू करतात. हंगामात रस्त्याकडेला प्लास्टिकच्या बाटल्यांतून, कॅनमधून ती सर्रास विकायला असते. दलालांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, तरी बाटली परत केली नाही. ती गाळलेली नसते, त्यामुळे गोव्याच्या हुर्राकाशी तिची तुलना करू नये, असा निवाडा त्यांनी दिला. फुला आणि मांडिंगा हे मुसलमान समाज दारू घेत नाहीत, ते रस उकळून ठेवतात. मान्सोआजवळच्या एका वस्तीत बी विकून आलेला पैसा घरधन्याकडे आणि दारूचा पैसा बाईकडे, अशी उघड विभागणी मी पाहिली. हंगामात तिच्या हातात रोकडा येतो तो यातूनच.

तपासणी अशी असते. वेगवेगळ्या पोत्यांतून मूठमूठ काढून किलोभर नमुना घ्यायचा. दाणे मोजायचे. मग प्रत्येक बी कातरीनं फोडायची आणि चांगला गर, डागी, अपक्व, पोकळ असे ढीग करायचे. वजनं करून ८० किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघेल ते काढतात, त्याला धंद्यात आउटटर्न म्हणतात. बिसाऊची चांगली बी पन्नासच्या वर बसते, कधी ५२-५३. शेजारच्या देशांतली पुष्कळशी ४६-४८ वर अडकते. बोटांना चीक लागून कातडी सोलवटते. राख चोळतात, तेल चोळतात, तरी काळे डाग उरतात. तिथल्या गोदामातल्या मुलानं माझी बोटं पाहिली, आपली दाखवली आणि त्यानंतर मला ‘साहेब’ या अर्थाचं काही म्हणणं सोडून दिलं.

भाव कसा ठरतो हे तिथं बसून पाहिल्याशिवाय समजत नाही. दरवर्षी सरकार हंगामाच्या तोंडावर शेतकऱ्यासाठी किमान भाव जाहीर करतं. तो कागदावरचा. २०१८ मध्ये अध्यक्ष जोझे मारिओ वाझ यांनी किलोला १,००० सेफा फ्रँक लावून धरले, परदेशी खरेदीदार मागे सरले आणि माल गावागावांत पडून राहिला. शेतकऱ्याच्या बाजूनं बोलणारा भाव शेतकऱ्याच्याच अंगावर आला. मुळात जगाच्या बाजारात बीचा सौदा डॉलरमध्ये. गिनी-बिसाऊनं १९९७ मध्ये आपला पेसो सोडून सेफा फ्रँक घेतला, आणि तो युरोला बांधलेला: एका युरोला ६५५.९५७, वर्षानुवर्षं तोच. आमचा हिशेब रुपयांत. म्हणजे ज्या बाईनं बी वेचली तिच्या पदरात काय पडणार हे तीन चलनांच्या ओढाताणीत ठरतं, आणि त्यातलं एकही चलन तिच्या देशाच्या हातात नाही.

तिला ते आकड्यांत सांगावंही लागत नाही. ती तांदळात विचारते. गावात फिरणारा छोटा व्यापारी, बहुधा फुला, मांडिंगा किंवा मॉरिटानियाहून आलेला, ट्रकमधून तांदळाची पोती घेऊन येतो आणि बदल्यात काजू नेतो. चांगल्या वर्षी किलोला किलो. वाईट वर्षी एका किलो तांदळासाठी दोन, कधी तीन किलो काजू. पावसाआधीचे दोन-तीन महिने घरातलं भात संपलेलं असतं, त्यामुळे थांबून भाव वाढायची वाट पाहणं कुणाला परवडत नाही. ही अडवणूक आहे असं मला वाटतं, पण त्या व्यापाऱ्याशिवाय त्या आडवाटेला दुसरं कुणी फिरकतही नाही, हेही खरं.

हा तांदूळ बाहेरून येतो: थायलंड, व्हिएतनाम, पाकिस्तान, भारत. पश्चिम आफ्रिकेत कणीला मोठी मागणी आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये भारतानं कणीच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती मार्च २०२५ पर्यंत राहिली. आपल्याकडे ती बातमी आली आणि गेली. पण जो देश काजू भारताला विकतो आणि पोट परदेशी तांदळावर भरतो, त्याच्या ताटाची एक बाजू दिल्लीतल्या परिपत्रकानं हलते.

गंमत अशी की इथली माणसं भात पिकवण्यात कुणाला हार जाणारी नाहीत. मान्सोआच्या खालच्या अंगाला आम्ही एक बोलान्या पाहिलं. खाडीकाठची कांदळवनं तोडून, चिखलाचा बांध घालून समुद्राचं पाणी अडवायचं, दोन-चार पावसाळे मीठ धुऊन जाऊ द्यायचं, मग लावणी. हे काम बालांता लोकांचं. हत्यार म्हणजे माणसाहून लांब लाकडी फावडं, टोकाला लोखंडी पाती. त्यानं चिखलाची ढेकळं उचलून वाफे आणि वरंबे रचतात. बांधातून पाणी सोडायला पूर्वी पोकळ केलेलं खोड बसवत, आता पीव्हीसीचा पाइप दिसतो. दलाल बांधावर उभे राहिले, पाइपाकडे पाहिलं आणि कोंकणीत म्हणाले, ‘हें तर आमचें खाजन.’ मग त्यांनी तिथल्या म्हाताऱ्याला हातवारे करून गोव्याच्या मानशीचं दार भरती-ओहोटीला कसं आपोआप उघडतं-मिटतं ते समजावलं. म्हाताऱ्यानं काठीनं चिखलात त्याचं चित्र काढून घेतलं आणि लाकूड कुठलं वापरता, असं विचारलं.

बोलान्याला माणसं लागतात, तरुण आणि पुष्कळ. बांध दरवर्षी बांधावा लागतो. स्वातंत्र्यलढ्यात दक्षिणेकडचे कितीतरी बांध बॉम्बफेकीत आणि माणसं परागंदा झाल्यानं मोडले. नंतर पोरं शहरात गेली. काजूला एवढी उस्तवार नाही: झाड लावलं की फळ येतं, आणि फळाच्या बदल्यात तांदूळ येतो. ज्या वर्षी अदलाबदल किलोला किलो असते त्या वर्षी चिखलात उभं राहणारा वेडा ठरतो.

या देशाचा राष्ट्रपुरुष शेतीतज्ज्ञ होता, हे तिथं फिरताना सारखं आठवतं. अमिल्कार काब्राल १९२४ मध्ये बाफाटात जन्मले, लिस्बनला कृषिविद्या शिकले आणि १९५३ मध्ये वसाहत सरकारसाठी त्यांनी गिनीची शेतीगणना केली. गावोगाव हिंडून कोण काय पिकवतो हे मोजणाऱ्या माणसानं १९५६ मध्ये पीएआयजीसी पक्ष काढला. ३ ऑगस्ट १९५९ ला बिसाऊच्या पिजिगिती धक्क्यावर संपावरच्या गोदी कामगारांवर गोळीबार झाला, आणि १९६३ मध्ये सशस्त्र लढा सुरू झाला. त्याआधी, एप्रिल १९६१ मध्ये, पोर्तुगीज वसाहतींतल्या चळवळींनी कासाब्लांकात एक आघाडी उभारली होती. तीत गोव्याचे पक्षही होते, आणि बार्देशात जन्मलेले पत्रकार आकिनो दि ब्रागांसा तिच्या कामात पुढे होते. गोवा त्याच डिसेंबरात सुटला. काब्रालना २० जानेवारी १९७३ ला कोनाक्रीत मारण्यात आलं. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला त्यांच्या पक्षानं स्वातंत्र्य जाहीर केलं. बिसाऊच्या आमुरा किल्ल्यात त्यांची समाधी आहे. किल्ल्यात आजही लष्कर असतं.

आणि लष्कर हा तिथला पाऊस आहे, केव्हा येईल ते सांगता येत नाही. १९८० मध्ये पहिलं सरकार उलथलं. १९९८-९९ मध्ये यादवी झाली. मार्च २००९ मध्ये अध्यक्ष व्हिएरांची हत्या झाली. १२ एप्रिल २०१२ चा उठाव तर ऐन काजूच्या तोंडावर. नोव्हेंबर २०२५ मध्ये निवडणुकीचा निकाल लागायच्या आदल्या दिवशी पुन्हा सैन्यानं सत्ता घेतली. व्यापारी अशा वेळी एकच प्रश्न विचारतात: बंदर चालू आहे का? बंदर चालू असलं तरी ते गाळानं भरलेलं. ट्रक रांगेत, पोती उन्हात, वर ढग. जूनचा पहिला पाऊस ओल्या पोत्यावर पडला की बी आतून तापते आणि ५२ चा आउटटर्न वाटेतच खाली येतो. म्हणून कितीतरी माल चोरवाटेनं उत्तरेला सेनेगलमधल्या झिगिंशोर बंदराकडे जातो. बिसाऊचं सरकार त्यावर चिडतं, कर बुडतो. ट्रकवाला मात्र चिडत नाही.

मग बी तिथंच का फोडत नाहीत? हा प्रश्न मी बिसाऊच्या गोदामात एका व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकला. त्याला उत्तर माझ्याकडून हवं होतं. मी त्याला पोत्याचा हिशेब सांगितला. ८० किलोतून ५२ पौंड, म्हणजे साडेतेवीस किलोच्या आसपास गर. टरफलाचं तेल निघतं, ते रंगांत आणि गाडीच्या ब्रेक लायनिंगमध्ये जातं. उरलेलं टरफल जळण. गरावरच्या सालीलाही गिऱ्हाईक आहे. त्यानं मोबाइलवर आकडे मांडले, पुन्हा मांडले आणि माझ्याकडे जरा रागानं पाहिलं. मी म्हटलं, यात वाफवणं, सुकवणं, सोलणं, प्रतवारी, बँकेचं व्याज आणि वीज धर. विजेचं नाव काढताच तो हसला. शहराचा अर्धा भाग त्या वेळी जनरेटरवर चालत होता. देशात कारखाने निघाले, काही बंद पडले, फोडली जाणारी बी एकूण पिकाच्या मानानं फारच थोडी. भांडवल हंगामाच्या दोन-तीन महिन्यांत वर्षभराची बी भरायला लागतं, आणि तिथल्या बँका एवढी उधारी देत नाहीत.

हे सगळं त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं मला कोकणातल्या कटिंग मशिनची किंमत कळवायला सांगितली. घरी आल्यावर कुडाळला चौकशी करून मी दोन आकडे पाठवले: एक विजेवर चालणाऱ्या मशिनचा, दुसरा पायानं दाबायच्या कटरचा. दुसरं घे, असंही लिहिलं. त्याचा उलट निरोप आला, की कटर घेतो, पण चालवायला शिकवणारी बाई तुमच्याकडून किती महिन्यांसाठी मिळेल?