घर आणि शेजार

तेरणा नदीच्या खोऱ्यात दगडाला तोटा नाही. शेताच्या बांधावर, ओढ्याच्या काठी, जिकडे पाहावे तिकडे काळा दगड पडलेला असतो. त्यामुळे आमच्या धाराशिव जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील, आजच्या उमरगा आणि लोहारा या तालुक्यांत घरे बांधली गेली ती पिढ्यान्‌पिढ्या दगडमातीचीच. भिंती दोन-दोन हात रुंद, आत लाकडी खांब आणि तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. या मातीच्या छपराला आमच्याकडे माळवद म्हणतात. वैशाखाच्या उन्हातून अशा घरात पाऊल टाकले की झाडाच्या सावलीत आल्यासारखे वाटे. पाऊस गळू नये म्हणून माळवदावर वरचेवर नवी माती चढवली जाई. जुन्या घराचे माळवद असे वर्षानुवर्षे जाड आणि जड होत जाई.

माझ्या आत्याचे घर असेच होते. सास्तूरच्या बाजूला, आमच्या गावापासून चार कोसांवर तिचे गाव होते. तिच्या यजमानांना आम्ही मामा म्हणत असू. मामांना आपल्या घराच्या भिंतींचा मोठा अभिमान होता. पाहुणा आला की ढेळजेतल्या भिंतीवर थाप मारून ते म्हणत, "तोफेचा गोळा आला, तरी हिचा खडा हलायचा नाही!" आम्हा मुलांचा या बोलण्यावर पूर्ण विश्वास होता. दख्खनचे पठार भूकंपापासून निर्धास्त आहे, असे त्या काळी मोठी माणसेही मानत. १९९२ सालापासून किल्लारीकडे जमिनीला अधूनमधून हादरे बसत होते. पण तेवढ्याने कोणी पिढीजात घर सोडून जात नाही.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजायला चार-पाच मिनिटे असताना जमीन हादरली. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन झाले होते, आणि मिरवणुकीहून थकून आलेली माणसे गाढ झोपेत होती. जमिनीच्या पोटातून प्रचंड गडगडाट आला आणि काही क्षणांत सारे संपले. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,००० माणसे त्या पहाटे दगावली.

मी तेव्हा सातवीत होतो. आमच्या घराची एक भिंत फुगून वाकली. पण आम्ही सगळे बाहेर पडू शकलो. उजाडताच वडील मला घेऊन आत्याच्या गावाकडे निघाले. त्या वाटेवर जे दिसले, ते सारेच सांगावेसे वाटत नाही. गावात पोहोचलो, तेव्हा गल्ली कोणती आणि घर कोणते, हेच कळेना. मामा राखणीसाठी शेतात झोपले होते, म्हणून वाचले. आत्या घरात होती. ती गेली.

एक गोष्ट मात्र माझ्या बालमनावर तेव्हाच ठसली. त्या रुंद भिंतीचा अर्धा भाग बाहेर गल्लीत पडला होता आणि अर्धा आत, घरात. मधल्या लाकडी खांबांपैकी काही तसेच उभे होते. जी भिंत आम्ही एक अखंड भिंत समजत होतो, ती जणू एकमेकींना पाठ लावून उभ्या केलेल्या दोन भिंती होत्या. असे का झाले, ते मला पुढे दोन वर्षांनी समजले.

संकटाची वार्ता पसरताच मदत धावली. सैन्याचे जवान आले, गावोगावचे स्वयंसेवक आले, ज्यांची घरे उभी होती त्या गावांतून भाकरीच्या चवडी आल्या. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. त्या पावसात आणि पुढच्या थंडीत लोकांनी पत्र्याच्या खोल्यांतून दिवस काढले. मदतीला आलेल्या प्रत्येकाचे ऋण आमच्यावर आहे. परंतु मदत घेऊन जगणे वेगळे आणि गाव पुन्हा वसवणे वेगळे. दुसरे काम किती अवघड आहे, हे आम्हांला त्यानंतर कळू लागले.

१९९४ साली महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. पूर्णपणे उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्याने वसवायची आणि इतर गावांतील सुमारे दोन लाख घरे जागच्या जागी दुरुस्त व मजबूत करायची, असे ठरले. आत्याचे गाव पहिल्या प्रकारात मोडत होते, आमचे दुसऱ्या.

मामांच्या गावची नव्या आखणीची बैठक एका लिंबाखाली भरली. मामांच्या सोबतीला मी गेलो होतो. साहेबांनी मोठा कागद पसरून नकाशा दाखवला. सरळ आणि रुंद रस्ते, रस्त्यांच्या दोन्ही अंगांना सारख्या अंतरावर घरांच्या ओळी. घराचा आकार जमिनीच्या मालकीवरून ठरायचा होता: भूमिहीन आणि अल्पभूधारक यांना २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्याला ४०० आणि मोठ्या शेतकऱ्याला ७५०. नकाशा स्वच्छ होता. लोक बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग एकेक प्रश्न निघू लागला. बैल कोठे बांधायचे? कडबा कोठे रचायचा? नव्या जागेपासून शेत दुप्पट लांब पडते, त्याचे काय? शेवटी मागे बसलेली एक म्हातारी उठली. तिचा मुलगा आणि सून त्या पहाटे गेले होते. पदरी एक लहान नात उरली होती. ती म्हणाली, "साहेब, घर देता, तुमचं भलं होवो. पण आमचा शेजार कुठं लिवलाय या कागदावर? मी रानात गेले, तर ही पोर कुणाच्या वसरीवर बसंल?"

साहेबांनी तिचे बोलणे टाळले नाही. ते म्हणाले, "आजी, जुन्या गावातले बोळ अरुंद होते. दोन्ही बाजूंच्या भिंती त्यांत कोसळल्या आणि वाट बुजली. मदतीला आलेल्या माणसांना आत शिरता आले नाही. म्हणून रस्ते रुंद हवेत." हेही खरेच होते. मामांनी स्वतः त्या बोळातले दगड हातांनी उपसले होते. ते मान खाली घालून म्हणाले, "रस्ता रुंदच पायजे." त्या दिवशी मी प्रथमच पाहिले की, दोन माणसे एकमेकांविरुद्ध बोलत असूनही दोघांचेही म्हणणे बरोबर असू शकते.

बैठका पुढे चालत राहिल्या. रस्ते रुंदच राहिले. पण घरांचे वाटप करताना जुन्या गल्लीतली काही कुटुंबे जवळजवळ ठेवण्यात आली. म्हातारीला ओळखीचा शेजार मिळाला. सगळ्याच मागण्या काही मान्य झाल्या नाहीत. नवे गाव जुन्या गावापेक्षा कितीतरी ऐसपैस पसरले, आणि थकलेल्या माणसांना एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणे जड झाले. पुढे लोकांनीच त्या एकसारख्या घरांना आपला आकार दिला. कोणी पुढे ओसरी काढली, कोणी ढेळज बांधली, कोणी दारात लिंब लावला. ज्या गोष्टी नकाशात नव्हत्या, त्या माणसांनी हळूहळू स्वतःच्या हातांनी आणल्या.

आमच्या गावातले काम निराळे होते. तेथे घरे पाडायची नव्हती, सुधारायची होती. प्रथम तर लोक दगडाच्या भिंतीजवळ झोपायलाच तयार नसत. "दगडाने माणसे खाल्ली," असे जो तो म्हणे. तेव्हा शासनाने स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचे साहाय्य घेतले आणि गावोगावच्या बायकांना 'संवाद सहाय्यक' म्हणून नेमले. घरोघर जाऊन योजना समजावून सांगणे, काम नीट होते की नाही हे पाहणे, लोकांच्या अडचणी वरपर्यंत पोहोचवणे, ही कामे त्या करू लागल्या. आमच्या गल्लीतली एक काकू त्यांपैकीच होती. चावडीसमोरून जाताना जी डोक्यावरचा पदर सावरून खालमानेने जाई, ती आता चावडीत बसून सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब विचारू लागली.

भिंत मजबूत कशी करतात, हे त्याच काकूने माझ्या आईला समजावून सांगितले, आणि माझे कोडे सुटले. आमच्या जुन्या भिंतींना दोन तोंडे असत: एक बाहेरचे, एक आतले. मधल्या पोकळीत दगडांचे तुकडे आणि माती भरलेली असे. दोन्ही तोंडांना आरपार धरून ठेवणारे लांब दगड जागोजागी बसवले, तरच ती भिंत एक होते. हे आरपार दगड बहुतेक घरांत नव्हते. धक्का बसताच दोन्ही तोंडे सुटली. एक बाहेर पडले, एक आत, आणि वरचे जड माळवद खाली आले. दोष दगडाचा नव्हता. दगड एकमेकांना बांधलेले नव्हते.

गवंडी आला, तेव्हा आई त्याच्या मागे उभीच राहिली. भिंतीला जागोजागी आरपार भोके पाडून त्यांत लोखंडी सळई घातली आणि काँक्रीट भरले. असे प्रत्येक ठिकाण आईने बोट लावून मोजले. माळवदावरची जास्तीची माती उतरवली, खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरपे आधार दिले. आई फारशी शिकलेली नव्हती; पण त्या उन्हाळ्यात आमच्या घराची खरी इंजिनिअर तीच होती.

पुढे २००२ साली भूकंपाचा धोका दाखवणारा देशाचा नकाशा सुधारण्यात आला. पूर्वी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात असलेला आमचा प्रदेश त्यात तिसऱ्या विभागात दाखवला गेला. त्याच्या आदल्याच वर्षी, २६ जानेवारी २००१ रोजी, गुजरातेत कच्छची भूमी हादरली होती. त्या वेळी लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडे गेल्या. आपण कसे सावरलो, काय विचारले, कोठे अडलो, हे त्यांनी तिथल्या बायकांना सांगितले. भाषा वेगळी होती, वेष वेगळा होता. पण कोसळलेल्या घरासमोर बसलेल्या बाईला काय वाटते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. ज्यांनी एके काळी मदतीसाठी हात पसरले होते, त्याच हातांनी आता दुसऱ्यांना आधार दिला.

या साऱ्या गोष्टींचा विचार करताना मला आरपार दगडाचे मोठे महत्त्व वाटते. भिंतीत तो उठून दिसत नाही. बाहेरून त्याचे एक टोक तेवढे दिसते, आणि तेही इतर दगडांसारखेच. गावातही अशी माणसे असतात. बैठकीत मागून उठून शेजाराविषयी विचारणारी म्हातारी, स्वतःचे दुःख बाजूला ठेवून रुंद रस्त्याला होकार देणारे मामा, सिमेंटचा हिशेब मागणारी काकू, ही त्यांतलीच. शासन एका तोंडाला आणि गाव दुसऱ्या तोंडाला असेल, तर अशी माणसे दोघांना धरून ठेवतात.

मुलांनो, तुमच्या गावातही कधी नवा रस्ता निघेल, नवी शाळा होईल, नवी वस्ती उभी राहील. तेव्हा नकाशा अवश्य पाहा. त्यात घरे किती आहेत, हे मोजाच. पण म्हाताऱ्या माणसांना बसायला पार कोठे आहे, लहान मुलांना खेळायला अंगण कोठे आहे आणि अडीअडचणीला हाक मारली तर ती ऐकू जाईल इतका शेजार जवळ आहे का, हेही विचारा. हे प्रश्न विचारायला कोणत्याही पदवीची गरज नाही. आमच्या गावांना ते विचारायची सवय लागली. पण त्यासाठी त्यांना फार मोठे मोल द्यावे लागले. तुम्ही ती सवय विनामूल्य लावून घ्या.