अग्निबाणाचा शेवटचा हात

विज्ञान-प्रदर्शनाकरितां आम्हीं साताऱ्यास आमच्या वर्गाकडून ‘एलव्हीएम-३’ या अग्निबाणाची प्रतिकृति करविली. १४ जुलै २०२३ रोजीं श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ घेऊन गेला तो हाच. मूळचा ४३.५ मीटर उंच. आमचा त्याच्या पन्नासाव्या हिश्शाचा, म्हणजे ८७ सेंटिमीटर. पुठ्ठ्याच्या नळ्या, लांबी, पॉलिश पेपर व पांढरा रंग, येथवरचें काम मुलांनीं केलें. शेवटचा हात मात्र आमचाच, असा आमचा हट्ट. (शिक्षकांस ही खोड असतेच.)

अंगावर लावावयाचीं चित्रें पाण्यांत कागदावरून सुटणारीं असतात. त्यांस डिकल म्हणतात. खडबडीत रंगावर तीं लाविलीं तर खालीं हवा अडकून पांढुरकी झांक येते; म्हणून अगोदर चकचकीत व्हार्निश द्यावें लागतें. चित्र कोमट पाण्यांत अर्धा मिनिट भिजवावें, तें हलूं लागलें तरी उचलूं नये, कागदावरून जागेवर सरकवावें आणि मधून कडेकडे फडक्यानें टिपावें. हें सारें आम्हीं फळ्यावर लिहून दिलें होतें. आणि आम्हींच टोपणावरचा तिरंगा घाईनें नखानें उचलला. तो मधोमध फाटला. दुसरा नव्हता, आणि सकाळीं सांगलीची गाडी गांठावयाची होती.

मुलें कांहीं बोललीं नाहींत. त्या चित्रांसाठीं त्यांनीं खाऊचे पैसे जमविले होते. “चूक आमची,” एवढें म्हणावयास आम्हांस फार वेळ लागला.

शेवटीं एक मुलगी म्हणाली, “सर, बाबांना बोलावूं का? ते ट्रकवरचीं अक्षरें काढतात.”

ते रात्रीं आले. व्हार्निशवर हलका पॉलिश पेपर फिरवून, चिकटपट्टीनें कडा बांधून त्यांनीं साडेचार सेंटिमीटर लांब व तीन रुंद जागेंत केशरी आणि हिरवा भरला. पांढरा तर अंगचाच होता. चक्राशीं ते थांबले. “सर, आरे चोवीस ना? एवढ्याशांत कसे मावतील? थोडे कमी काढूं?”

आम्ही विचारांत पडलों, मुलगी म्हणाली, “नाही बाबा.”

ते हंसले आणि ब्रशचे केंस कातरूं लागले. मध्यरात्रीं आम्हीं भिंगांतून दोनदां मोजले. चोवीस भरले.

रंग ओला असल्यामुळें वरचा व्हार्निशचा हात राहूनच गेला. गाडींत टोपणास कोणाचा धक्का लागूं नये म्हणून मुलगी कराडपर्यंत उभी होती.

सांगलीस परीक्षकांनीं वांकून विचारिलें, “हें चित्र कोठें मिळालें?” मुलगी आमच्याकडे पाहूं लागली. फाटल्याची हकीकत आम्हींच सांगितली.